अपघाताला १४ महिने झाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग अंग अजून का घाबरतंय?

उंबरठा:

बरेच दिवस लिहू का नको करत होते, आज लिहितेच. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी माझ्या गाडीला अपघात झाला. मी चालवत होते, मला हिरवा सिग्नल होता, बाजूने एक गाडी सिग्नल तोडून आली आणि थेट माझ्या दारावर आदळली. कॉलरबोन मोडलं, दोन बरगड्या गेल्या, मनगटात प्लेट बसली. दार आत दबलं होतं त्यामुळे बाहेर काढेपर्यंत वीसेक मिनिटं तशीच अडकून बसले होते, पूर्ण शुद्धीत. पुढे ऑपरेशन, चार महिने फिजिओ, सगळं रीतसर झालं. हाडं जुळली. शेवटचा एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले आता बिनधास्त वजन उचला, गाडी चालवा, काही राहिलेलं नाही.

पहिले तीन-चार महिने मी खरंच ठीक होते हो. एकदाही रडले नाही. पोलिसांना जबाब दिला, इन्शुरन्सचे फॉर्म एका हाताने भरले, ऑफिसची रजा, मुलीची शाळा, सगळं मीच बघितलं. जो तो म्हणायचा किती खंबीर आहेस. मग क्लेम मिटला, ऑफिस सुरू झालं, घडी बसली आणि तेव्हा हे सुरू झालं. म्हणजे घाबरण्यासारखं काही उरलंच नाही तेव्हा.

नवरा गाडी चालवतो, मी शेजारी बसते, आणि माझा उजवा पाय सारखा जमिनीवर ब्रेक दाबत असतो. मोडलेल्या बाजूचा खांदा वर चढून कानाला टेकतो, मला पत्ताच नसतो, संध्याकाळी तिथंच ठणकायला लागलं की कळतं. रात्री दात इतके आवळले जातात की सकाळी जबडा दुखतो. ब्रेकच्या आवाजाचं मी समजू शकते, पण मला सगळ्यात जास्त त्रास होतो इंडिकेटरच्या टिकटिकीचा. कितीतरी महिने कळतच नव्हतं की का, मग एका रात्री आठवलं, मी अडकले होते तेव्हा गाडी बंद पडलेली पण इंडिकेटर चालूच होता. वीस मिनिटं तेवढा एकच आवाज. आता कुणाच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळानेसुद्धा हात गार पडतात आणि पोटात गोळा येतो.

मनाचं तर त्याहून अवघड. मुलगी येऊन गळ्यात पडते आणि मला काही वाटतच नाही, कुणी दुसऱ्याच्याच गळ्यात पडल्यासारखं. आणि कुडत्याचं बटण तुटलं म्हणून अर्धा तास हमसून हमसून रडले. नवऱ्याने भांडं जरा जोरात ठेवलं की मी अंगावर धावून जाते, नंतर लाज वाटते. त्या दुसऱ्या ड्रायव्हरचा प्रचंड राग येतो, मग आठवतं की त्याचाही पाय गेला होता प्लास्टरमध्ये, वयाने लहान होता, मग रागाचाही अपराधीपणा. आणि लोकांनी याहून कितीतरी वाईट भोगलेलं असतं, मला निदान सगळं परत मिळालं, मग मी कशाला रडते, हेही सतत डोक्यात.

फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड वगैरे केलं, सगळं नॉर्मल. मधे तीन आठवडे छान गेले, वाटलं सुटले एकदाची. परवा पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा इंडिकेटर लागला आणि पुन्हा तेच, पाय लटपटायला लागले, खालीच बसले. मी बरी होतेय का बिघडतेय, हेच कळत नाहीये. ते शरीरात ट्रॉमा, म्हणजे अशा प्रसंगाचा खोल घाव, साठतो म्हणतात ते खरं असतं का? आणि तीन आठवड्यांनी परत येतंय म्हणजे पुन्हा शून्यावर आले का मी?

रातकिडा:

ताई, पार्किंगमध्ये खाली बसल्याचं वाचून मी जागेवरून उठून एक चक्कर मारून आलो, मग लिहायला बसलो.

माझं अपघाताचं नाही. तीन वर्षांपूर्वी न्यूमोनिया होऊन १९ दिवस आयसीयूत होतो, त्यातले ११ दिवस व्हेंटिलेटरवर. जीव वाचवला त्या लोकांनी, मी आयुष्यभर ऋणी आहे. पण घरी आल्यावर मायक्रोवेव्हची बीप वाजली की घसा बंद व्हायचा, अक्षरशः नळी आत असल्यासारखा, श्वास घेता यायचा नाही. शर्टाचं वरचं बटण तेव्हापासून लावता येत नाही. आणि एक गोष्ट मी वर्षभर कुणालाही सांगितली नाही, बायकोलाही नाही. मला पक्कं आठवत होतं की तिथल्या लोकांनी मला बांधून ठेवलंय आणि रोज थोडं थोडं मारतायत. हे स्वप्नासारखं नव्हतं, खऱ्या आठवणीसारखं होतं, आवाज, वास, सगळं. सांगितलं तर वेडा म्हणतील म्हणून गप्प.

मग एका फॉलोअपला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आपणहून विचारलं, काही विचित्र आठवतं का, आणि माझा बांधच फुटला. त्या म्हणाल्या आयसीयूतून आलेल्या पुष्कळांना असं होतं, गुंगीची औषधं, ताप, ऑक्सिजन कमी, झोप नाही, या सगळ्यात मेंदू भ्रमात जातो आणि त्या भ्रमातलंच पक्कं लक्षात राहतं. याला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम असं नावच आहे, अशक्तपणा, विसरभोळेपणा आणि ही भीती हे सगळं त्यात धरतात. नाव आहे हे ऐकूनच निम्मं ओझं उतरलं.

काही ठिकाणी आयसीयूत नर्स आणि घरचे पेशंटसाठी रोज दोन ओळींची डायरी लिहितात म्हणे, पेशंटला पुढे आपले हरवलेले दिवस वाचता यावेत म्हणून. माझी कुणी लिहिली नव्हती, पण बायको रोज रात्री तिच्या बहिणीला मेसेज करायची, ते तिने काढून दिले. सहाव्या दिवसाचा मेसेज होता, आज त्याचे हात मऊ पट्ट्यांनी बांधलेत कारण तो झोपेत नळी ओढतोय, मी दिवसभर त्याचा अंगठा धरून बसले होते. ताई, बांधलेलं खरं होतं. मारत नव्हते. ती माझा अंगठा धरून बसली होती. मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल.

त्यानंतर सगळं गेलं असं नाही, बीपने अजूनही मान ताठ होते, पण घसा बंद होत नाही. तुम्हाला ते इंडिकेटरचं आपोआप आठवलं ना, तसंच आहे हे, तुकडा कुठला ते कळलं की तो जरा जागेवर बसतो. त्या वीस मिनिटांत तुमच्यासोबत कोण होतं, कुणी बोलत होतं का, हे कधी शोधता आलं तर बघा. घाई नाही.

पायवाट:

मी समुपदेशक आहे, ट्रॉमाच्या केसेस बारा वर्षं बघतेय. इथं बसून निदान करणार नाही, पण उंबरठा, तुमचे प्रश्न इतके नेमके आहेत की सविस्तर लिहावंसं वाटतंय.

१९११ ची एक जुनी गोष्ट सांगते. जिनिव्हाचे एक डॉक्टर होते, एदुआर क्लापारेद. त्यांच्याकडे एक बाई होत्या ज्यांना नवीन काहीच लक्षात राहायचं नाही, डॉक्टर खोलीबाहेर जाऊन आले तरी पुन्हा ओळख करून द्यावी लागायची. एकदा त्यांनी बोटांच्या बेचक्यात टाचणी लपवून हस्तांदोलन केलं, बाईंना टोचली. थोड्या वेळात बाई ते विसरल्या. पण पुढच्या वेळी डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा बाईंनी आपला हात मागे घेतला. का घेतला ते त्यांना धड सांगता येईना. (असा प्रयोग आज कुणी करू नये आणि करूही देणार नाहीत, पण त्यातून जे कळलं ते खरं आहे.) काय घडलं ते सांगता येणं ही एक आठवण आणि हात मागे घेणं ही दुसरी, मेंदूत दोघींची सोय वेगवेगळी असते. तुमचा पाय ब्रेक दाबतो, खांदा वर जातो, ती ही दुसरी आठवण.

आता इंडिकेटर. धोक्याच्या क्षणी मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आजूबाजूला जे असेल त्यावर खूण करून ठेवतो, आवाज, वास, उजेड, काहीही. त्याला खरं कारण कुठलं आणि योगायोग कुठला यात फरक करायला वेळ नसतो, गरजही नसते, कारण त्याचं काम जीव वाचवणं. पुढे तोच आवाज आला की विचार करणारा भाग जागा व्हायच्या आत तो अलार्म देतो, ॲड्रेनलिन सुटतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून हात गार पडतात, पचन थांबतं म्हणून पोटात गोळा. तुम्ही घाबरायचं ठरवलेलं नसतं, तुम्हाला विचारलेलंच नसतं. शिवाय घटनेवर तारीख-वार घालायचं काम मेंदूतल्या ज्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचं, त्याचं काम इतक्या ताणात नीट होत नाही. म्हणून ती आठवण "मागच्या वर्षी घडलं" अशी येत नाही, आत्ता घडतंय अशी येते.

तीन-चार महिने ठीक होतात आणि सगळं सुरळीत झाल्यावर सुरू झालं, हे मी इतक्यांदा ऐकलंय. काम निभावायचं असतं तोवर शरीर निभावून नेतं. भावनांना जागा मिळते ती धोका टळल्यावर, त्याआधी त्या परवडणाऱ्या नसतात. उशिरा सुरू होणं आमच्या निदानाच्या पुस्तकांनीही मान्य केलंय, सहा महिन्यांनंतर पूर्ण चित्र दिसू शकतं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मुलीच्या मिठीत काही न वाटणं आणि बटणासाठी रडणं हे मला एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. सुन्नपणा हाही बचावच, फक्त तो निवडून निवडून बधिर करत नाही, दुःखाबरोबर मायाही बधिर होते. आणि बटण तुटलं त्याचं रडणं सुरक्षित होतं, म्हणून तिथून वाट मिळाली. तुमची मुलीवरची माया गेलेली नाही, एवढं मनाशी धरून ठेवा.

शून्यावर आले का, हा तुमचा खरा प्रश्न. नाही आलात. भीती कमी होते तेव्हा जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी नवीन शिकणं तयार होतं, की हा आवाज येतो आणि काही होत नाही. पाव्हलॉव या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतही हेच पाहिलं होतं, विझलेली प्रतिक्रिया मधे काही काळ गेला की आपोआप पुन्हा डोकं वर काढते. नवीन शिकणं जागेला चिकटून असतं. घरात, नवऱ्याच्या गाडीत शिकलात, पार्किंगमध्ये नाही. म्हणून पार्किंगमध्ये जुनं वर आलं. तीन आठवड्यांचं शिकणं आहे तिथंच आहे, अजून पार्किंगपर्यंत पोचलेलं नाही.

हे सगळं शरीराचं का मनाचं यावर फार जुनं भांडण आहे. १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये एका सर्जनने रेल्वे अपघातातून वरवर धडधाकट सुटलेल्या माणसांच्या अशाच तक्रारींवर लिहिलं, लोक त्याला रेल्वे स्पाइन म्हणू लागले, म्हणजे मणक्याला मार बसलाय असं वाटायचं. १९१५ मध्ये सैनिकांसाठी शेल शॉक, म्हणजे तोफगोळ्यांचा धक्का, हा शब्द छापून आला, कितीजणांना भित्रे म्हणून हिणवलं गेलं. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा असा मानसिक त्रास, हे नाव अधिकृत व्हायला १९८० उजाडलं. तुमच्या आधी इतक्या लोकांना "तुला तर काही लागलं नाही" हे ऐकावं लागलंय.

लोकांनी याहून वाईट भोगलंय म्हणालात, त्यावर एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या सुमारे ७०% लोकांना आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो, त्यातल्या साधारण ५.६% लोकांना पुढे पीटीएसडी होतो. कुणाला होईल हे प्रसंग किती मोठा होता एवढ्यावरच ठरत नाही. अडकून राहणं, हलता न येणं, मदत यायला वेळ लागणं याचा भार मोठा असतो आणि तुम्ही वीस मिनिटं अडकून होतात.

आता काय करायचं. ट्रॉमावर काम करणारा थेरपिस्ट शोधा, हे पहिलं. ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) आणि ईएमडीआर (प्रसंग आठवताना डोळे डावी-उजवीकडे हलवायला लावणारी थेरपी), या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत केलीय. एका अपघाताच्या केसमध्ये अनेकांना ८ ते १५ सेशनमध्ये चांगला फरक पडतो. तोवर शेजारच्या सीटवर बसणं टाळायला लागू नका, टाळलं की बरं वाटतं पण शरीराला नवीन काही शिकायला मिळत नाही. अलार्म वाजला की श्वास सोडणं लांबवा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मुळातच मंदावतात. समोरच्या चार वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आजची तारीख म्हणा. खांद्याला "खाली हो" म्हणून ओढू नका, उलट मुद्दाम कानापर्यंत वर न्या, पाच आकडे धरा, मग सोडा. आणि जीव नकोसा वाटायला लागला, स्वतःला काही करून घ्यायचे विचार आले, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

काजवा२:

पायवाट यांनी छान लिहिलंय पण मला एक सांगायचंय, नुसतं बोलून हे जात नाही हा माझा अनुभव. ट्रॉमा खांद्यात, कमरेत, मांड्यांमध्ये साठतो आणि तो तिथूनच बाहेर काढावा लागतो. मी दोन दिवसांचं एक शिबिर केलं, जोरजोरात श्वास, अंग थरथरवणं, ओरडणं, मी वडील गेल्यानंतर सहा वर्षांत पहिल्यांदा तिथं रडलो. एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं. उंबरठा ताई तुम्ही पण करून बघा, एकदा सगळं बाहेर पडलं की संपलं.

निळाई:

काजवा२, तुम्हाला रडता आलं याचं मनापासून बरं वाटलं, वडिलांचं दुःख सहा वर्षं उरात घेऊन फिरणं सोपं नाही. पण "करून बघा"वर मला थांबवावंसं वाटतंय, कारण मी केलं होतं.

माझं बालपण मारहाणीत गेलं. एक प्रसंग नाही, अकरा वर्षं. जिन्यावर पावलं वाजली की कुठल्या मूडमध्ये आहेत हे मला पावलांवरून कळायचं. त्या असल्याच एका शिबिरात त्यांनी जोरात श्वास घ्यायला लावला आणि दहा मिनिटांत मी सात वर्षांची झाले. भोवती तीस लोक ओरडतायत आणि मला हलता येत नाहीये. तिथल्यांना वाटलं खूप छान रिलीज होतोय. पुढचे दोन आठवडे मी झोपले नाही, कामावर जाता येईना, लाइट लावून भिंतीला पाठ टेकून बसायचे. ज्याचं आतलं धरण भरून वाहतंय त्याला एकदम दरवाजे उघडायला लावायचे नसतात. माझ्या आताच्या थेरपिस्टने पहिले आठ महिने जुन्या कुठल्याच प्रसंगाला हात लावला नाही. फक्त तळपाय जमिनीला टेकलेत हे जाणवतंय का, खोलीचं दार कुठंय, नको म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं, एवढंच. मला तेव्हा वाटायचं वेळ वाया जातोय. नव्हता जात.

पायवाट, तुम्ही ८ ते १५ सेशन म्हणालात ते एका अपघातासाठी म्हणालात हे कळलं मला, तरी माझ्यासारखं कुणी वाचत असेल त्यांच्यासाठी लिहितेय, मला चार वर्षं झाली आणि अजून चालू आहे. वर्षानुवर्षं चाललेल्या ट्रॉमाला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं नाव आहे, आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते आलं आणि २०२२ पासून ती यादी लागू झाली. मला तोपर्यंत रागीट, चिकट, अतिसंवेदनशील अशीच नावं मिळाली होती. वेळ लागतोय म्हणजे तुमचंच चुकतंय असं समजू नका.

आणि हलता न येण्याबद्दल. ओरडले का नाही, पळाले का नाही, हे मी स्वतःला तीस वर्षं विचारलं. मग एका स्वीडिश अभ्यासाबद्दल वाचलं, २०१७ चा, बलात्कारानंतर तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा. त्यातल्या ७०% स्त्रियांनी त्या वेळी अंग लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं. सत्तर टक्के. जीव धोक्यात असताना अंग थिजणं ही शरीराची स्वतःची प्रतिक्रिया आहे, संमती नाही आणि भेकडपणाही नाही. ते वाचून मी अख्खा दिवस रडले आणि ते रडणं बटणाचं नव्हतं.

उंबरठा, तुमचा राग येतोय त्याला येऊ द्या. त्या मुलाचा पाय मोडला हे खरं आणि त्याने सिग्नल तोडला हेही खरं. माझ्यात राग सगळ्यात शेवटी आला, भीती, लाज, सुन्नपणा सगळं होऊन गेल्यावर, आणि तो आल्यावरच मला पहिल्यांदा वाटलं की मी माझ्या बाजूची आहे.

पायवाट:

निळाई, तुम्ही दुरुस्ती केलीत ते फार बरं झालं. वर्षानुवर्षांच्या ट्रॉमाला वेळ लागतो, लागूच द्यायचा.

"साठतो" या शब्दाबद्दल थोडं. स्नायू आवळलेले असतात हे खरं, दुखणं खरं, पोट बिघडणं, छातीत धडधडणं खरं, त्यात काही मनाचे खेळ नाहीत. पण खांद्यात काही द्रव्य साचलंय आणि पिळून काढलं की संपलं, असं ते नसतं. मज्जासंस्थेने एक सवय शिकलीय आणि स्नायू रोज तिचा हुकूम पाळतायत. साचलंय म्हटलं की माणूस ते बाहेर फेकायच्या मागे लागतो, शिकलंय म्हटलं की नवीन शिकवायला बसतो, मला हा फरक मोठा वाटतो. अंगाकडून सुरुवात करणं मात्र चुकीचं नाही काजवा२, तिथं तुमचं बरोबर आहे. २०१४ मध्ये जुना, उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रियांवर एक अभ्यास झाला, त्यात १० आठवडे सावकाश, सक्ती न करता शिकवलेल्या योगाचा चांगला उपयोग दिसला. अभ्यास छोटा आहे, पण सावकाश आणि सक्ती नाही हे त्यातलं मला फार महत्त्वाचं वाटतं.

निवांत:

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, म्हणजे नवऱ्याच्या. माझ्या बायकोवर काही वर्षांपूर्वी हल्ला झाला होता, तपशील तिचा आहे म्हणून लिहीत नाही. मी सुरुवातीला सगळं चुकीचंच केलं. विसर आता म्हणालो, देवाची कृपा समज म्हणालो, ती दचकली की हसून घालवायचो. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला आणि ती किंचाळली तेव्हा मला चक्क अपमान वाटला होता, मी कोण परका आहे का. तिचं अंग मला बघून दचकत नव्हतं, मागून आलेल्या हाताला दचकत होतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

आता मी खोलीत येताना बोलत येतो. हात धरायच्या आधी हात पुढे करून थांबतो. रात्री ती उठून बसली तर काय झालं असं विचारत नाही, दिवा लावतो आणि म्हणतो मी आहे, आपण घरी आहोत, दार बंद आहे. हीच तीन वाक्यं, दर वेळी तीच. तिनेच सांगितलंय वेगळी वाक्यं नकोत म्हणून. उंबरठा ताई, तुमच्या मिस्टरांना भांड्यांबद्दल तुमचं मन शांत असताना एकदा सांगून ठेवा, भांडणाच्या वेळी नको. त्यांना माहीत नसेल. मला खरंच माहीत नव्हतं.

उंबरठा:

पाच दिवसांनी लिहितेय, तुम्हा सगळ्यांचं वाचून पहिले दोन दिवस काही सुचलंच नाही.

नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं. त्याने गप्प बसून वाचलं, मग म्हणाला भांड्याचं मला सांगायचंस ना, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. त्याच रात्री मी त्याला विचारलं की त्या वीस मिनिटांत माझ्यासोबत कोण होतं. रातकिडा, तुमच्यामुळे विचारलं, नाहीतर सुचलंच नसतं. तर म्हणे एक मध्यमवयीन बाई होत्या, रस्त्याने चाललेल्या, त्या फुटलेल्या काचेतून हात आत घालून माझ्या डोक्यावर ठेवून उभ्या होत्या, काढेपर्यंत. त्यानेही हे फायरब्रिगेडच्या माणसाकडून ऐकलेलं, मला माहीत असेल असं समजून कधी बोलला नाही. मला तो हात अजिबात आठवत नाही. पण तेव्हापासून टिकटिक आठवली की त्याच्यासोबत तो हातही आणून ठेवते डोक्यावर, मुद्दाम. खोटं वाटत नाही.

गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीय, ट्रॉमाचंच काम करणाऱ्या आहेत. शिबिर नको, निळाई, कळलं. राग येऊ द्या म्हणालात ते वाक्य मी कागदावर लिहून ठेवलंय.

काल संध्याकाळी आम्ही दोघं पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बसलो, इंजिन बंद, आणि त्याने विचारून इंडिकेटर लावला. दोन मिनिटं. हात गार पडले, रडू आलं, त्याने माझ्याबरोबर श्वास मोजले. दोन मिनिटं झाली तरी धडधड थांबली नव्हती म्हणून घाबरून बंद करायला सांगितलं, ते चुकलं का माझं? आणि पायवाट, एक विचारायचं होतं. खांदा वर चढत होता ना, तो काल मला चढताना कळला. एरवी रात्री ठणकल्यावर कळतो. याला काही अर्थ आहे का मी उगाच आशा लावून घेतेय?

पायवाट:

चुकलं नाही, थांबवता आलं हेही शरीराने शिकायलाच हवं होतं, त्या दिवशी थांबवता येत नव्हतं. पण पुढचं थेरपिस्टबरोबर ठरवून करा, किती वेळ, कुठं थांबायचं हे त्या सांगतील, गुरुवारपर्यंत इंडिकेटर राहू दे. आणि खांद्याला अर्थ आहे, मोठा आहे. पहिल्या सेशनला हेच सांगा, याच शब्दांत, चढताना कळला म्हणून.